प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल शेजारी ठेवून कसे वाचावेत

"प्लेटो आदर्शवादी, अ‍ॅरिस्टॉटल वास्तववादी." राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वह्यांमध्ये तुलना बहुतेक वेळा या वाक्यानं सुरू होते आणि तिथेच संपते. वाक्य साफ खोटं नाही, पण त्यानं हाती काही लागत नाही. प्लेटोनं 'लॉज'मध्ये जमिनीच्या वाटपापासून लग्नाच्या वयापर्यंत बारीकसारीक नियम घालून दिले आहेत, आणि अ‍ॅरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या सातव्या-आठव्या भागात स्वतःचं आदर्श नगर मांडलं आहे. आदर्श आणि व्यवहार दोघांकडेही आहेत.

आमच्या मते खरा फाटा एका प्रश्नावर फुटतो. राज्य चालवणं हे वैद्यकीसारखं मोजक्यांनाच साधणारं ज्ञान आहे, की पुष्कळांनी मिळून करायचा निवाडा? मालमत्ता, कुटुंब, कायदा यांवरचे मतभेद बरेचसे याच प्रश्नाशी येऊन भिडतात. मूळ ग्रंथांतून हा फाटा स्वतः शोधता यावा, म्हणून या पायऱ्या.

पायरी १: अ‍ॅथेन्सचा एक कागद

ग्रंथ उघडण्याआधी एका पानावर अ‍ॅथेन्सची रचना लिहून काढा. हा कागद वाचताना सतत शेजारी हवा.

इ.स.पू. ५०८-५०७च्या सुमारास क्लेइस्थेनिसनं केलेल्या सुधारणांनंतर नागरिकांचे १० गट झाले. प्रत्येक गटातून ५० याप्रमाणे ५०० जणांचं मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडलं जाई. न्यायदानासाठी दरवर्षी ६,००० नागरिकांची यादी असे. १० सेनापती मात्र मतानं निवडले जात, कारण लढाई नशिबावर सोडायला अ‍ॅथेन्सचे लोक तयार नव्हते. नागरिक म्हणजे फक्त प्रौढ पुरुष. इ.स.पू. ४५१च्या कायद्यानंतर आई आणि वडील दोघंही अ‍ॅथेन्सचे असणं आवश्यक झालं. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरगावाहून येऊन स्थायिक झालेले रहिवासी यांना नागरिकांच्या सभेत जागा नव्हती.

त्याखाली चार तारखा लिहा. इ.स.पू. ४३१ ते ४०४ स्पार्टाशी युद्ध आणि पराभव. ४०४मध्ये 'तीस जुलमीं'ची, म्हणजे तीस जणांच्या गटाची, राजवट. ४०३मध्ये लोकशाही परत. ३९९मध्ये त्याच लोकशाहीच्या न्यायसभेकडून सॉक्रेटिसला मृत्युदंड. तिसांचा पुढारी क्रिटियास हा प्लेटोच्या आईकडचा नातलग होता आणि सॉक्रेटिस हा प्लेटोचा गुरू. म्हणजे थोड्यांची सत्ता आणि पुष्कळांची सत्ता, दोन्हींनी सांडलेलं रक्त प्लेटोनं तिशीच्या आत पाहिलं. 'प्लेटो लोकशाहीविरोधी, म्हणून श्रीमंतांच्या बाजूचा' असं लिहिण्याचा मोह होईल तेव्हा हा कागद पाहा. त्याच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या आठव्या भागात श्रीमंतांची सत्ताही त्याला रोगटच वाटते: तिथे एका नगरात दोन नगरं नांदतात, एक श्रीमंतांचं, एक गरिबांचं, आणि दोन्ही एकमेकांवर टपलेली.

अ‍ॅरिस्टॉटलबद्दल एवढं लिहा: जन्म इ.स.पू. ३८४, उत्तरेकडच्या स्टॅगिरा या गावी. १७व्या वर्षी प्लेटोच्या अकादमीत दाखल, तिथे सुमारे २० वर्षं. अ‍ॅथेन्समध्ये तो कायम परका रहिवासी राहिला, त्यामुळे मत नाही आणि जमिनीची मालकीही नाही. नागरिक कोणाला म्हणावं याची सर्वांत काटेकोर व्याख्या ज्यानं केली, तो स्वतः राहत्या शहराचा नागरिक नव्हता.

पायरी २: समासातले आकडे असलेली प्रत

प्लेटोचा संदर्भ देताना १५७८ साली स्टेफानुसनं छापलेल्या आवृत्तीचे पृष्ठांक वापरतात आणि प्रत्येक पानाचे ए ते ई असे भाग करतात. अ‍ॅरिस्टॉटलसाठी १८३१च्या बेकर आवृत्तीचे आकडे वापरतात, तिथे ए आणि बी हे पानाचे दोन स्तंभ. 'रिपब्लिक' ३२७ए ते ६२१डी, 'पॉलिटिक्स' १२५२ए ते १३४२बी. भाषांतर कोणतंही असो, हे आकडे बदलत नाहीत. फुकट मिळणाऱ्या अनेक प्रतींत ते गाळलेले असतात, आणि मग 'प्लेटो कुठेतरी म्हणतो' यापलीकडे जाता येत नाही. प्रत घेण्याआधी समास तपासा. पर्सियस या संकेतस्थळावर दोन्ही ग्रंथ आकड्यांसह उघडता येतात.

पायरी ३: काय वाचायचं आणि किती

दोन्ही ग्रंथ सलग वाचायचा हट्ट पहिल्या फेरीत नको. 'रिपब्लिक'मधून ३३८–३३९, ३५७–३७६, ४१२–४४५, ४४९–४८०, ४८७–४९७, ५१४–५२१, ५३५–५४१ आणि ५४३–५६९ घ्या. ही साधारण १४० पानं झाली. 'पॉलिटिक्स'मधून पहिला भाग पूर्ण, दुसऱ्याची पहिली पाच प्रकरणं, तिसरा पूर्ण, चौथ्याची पहिली अकरा, पाचव्याची पहिली चार आणि सातव्याची पहिली नऊ. ही बेकरची ४५ पानं होतात, पण बेकरचं पान स्टेफानुसच्या पानापेक्षा खूप मोठं आणि घट्ट आहे. प्लेटोचं एक पान पंधरा मिनिटांत होतं, बेकरच्या पानाला अर्धा तास धरा. रोज तासभर बसलात तर दोन महिन्यांचं काम.

आधी प्लेटोच. अ‍ॅरिस्टॉटल त्याला उत्तर देत असतो, आणि उत्तर आधी वाचलं तर प्रश्नच त्याच्या शब्दांत डोक्यात बसतो.

इथेच होणारी सगळ्यांत सर्रास चूक सांगून ठेवतो. 'रिपब्लिक' हा संवाद आहे. "न्याय म्हणजे बलिष्ठाचं हित" हे ३३८सी मधलं वाक्य थ्रॅसिमाकस या पात्राचं आहे आणि पुढचा अख्खा ग्रंथ त्याला खोडण्यासाठी लिहिला आहे. तेच वाक्य प्लेटोचं मत म्हणून उत्तरपत्रिकांत येतं. टिपण काढताना आकड्याशेजारी बोलणाऱ्याचं नाव लिहायची सवय लावा: थ्रॅसिमाकस, ग्लॉकॉन, सॉक्रेटिस. आणि 'रिपब्लिक'मधला सॉक्रेटिस हे प्लेटोनं रंगवलेलं पात्र आहे. खऱ्या सॉक्रेटिसनं एक ओळही लिहून ठेवलेली नाही. 'पॉलिटिक्स'मध्ये पात्रं नाहीत, पण तिथे अ‍ॅरिस्टॉटल आधी दुसऱ्यांची मतं मांडतो आणि मग आपलं सांगतो. प्रकरण संपेपर्यंत त्याच्या नावावर काही लिहू नका.

पायरी ४: मराठी शब्दांचे चकवे

'रिपब्लिक'चं नाव 'प्रजासत्ताक' असं करू नका. मूळ ग्रीक नाव 'पोलितेइया', म्हणजे नगराची राज्यव्यवस्था, तिथली राहणीसुद्धा. 'रिपब्लिक' हे नाव लॅटिनमार्गे आलं, आणि प्रजेची सत्ता तर या ग्रंथाला नकोच आहे.

हाच शब्द अ‍ॅरिस्टॉटल दोन अर्थांनी वापरतो. एक, कोणतीही राज्यव्यवस्था. दोन, पुष्कळांनी सर्वांच्या हितासाठी चालवलेली एक विशिष्ट चांगली व्यवस्था. १२७९ए-बी मधला त्याचा तक्ता असा: एकाची सत्ता चांगली असेल तर राजेशाही, बिघडली की जुलूमशाही, थोड्यांची चांगली ती अभिजनशाही, बिघडलेली धनिकशाही, पुष्कळांची चांगली ती पोलितेइया, बिघडलेली लोकशाही. लोकशाही बिघडलेल्या रकान्यात पाहून आपल्याला धक्का बसतो. तिथे तो शब्द 'गरिबांनी फक्त गरिबांसाठी चालवलेली सत्ता' एवढ्या अर्थानं आहे. पुढच्याच प्रकरणात तो म्हणतो की धनिकशाही आणि लोकशाही यांतला खरा फरक संख्येचा नसून श्रीमंती आणि गरिबीचा आहे. तक्ता पाठ करणारे नेमकं हे वाक्य सोडतात.

'न्याय' म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं. प्लेटोचा शब्द माणसाच्या आतल्या गुणालाही लागू होतो. ४३३ए मध्ये न्याय म्हणजे प्रत्येकानं आपलं काम करणं आणि दुसऱ्याच्या कामात हात न घालणं, नगरातही आणि मनाच्या तीन भागांतही (बुद्धी, आवेश, वासना).

त्याच्या तीन वर्गांपाशी (राज्यकर्ते, त्यांचे सहायक सैनिक, उत्पादक) मराठी वाचकाला चातुर्वर्ण्य आठवणारच. आठवू द्या, पण मग फरक तपासा. ४१५ए-सी मध्ये सोन्या-चांदीच्या आणि लोखंडाच्या माणसांची कथा आहे. मुलं बहुधा आईबापांसारखी निपजतील, असं ती मानते. तरी राज्यकर्त्याच्या पोटी लोखंडी मूल आलं तर त्याला निर्दयपणे खाली पाठवा आणि शेतकऱ्याच्या पोटी सोन्याचं आलं तर वर आणा, असंही बजावते. शिवाय इथे संपत्ती खालच्या वर्गाकडे असते, वरच्यांना सोन्याला हात लावायचीही मनाई (४१६डी–४१७ए). साम्य मात्र खरं आहे, आणि त्यावरचा सर्वांत भेदक आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये घेतला: माणसं इतक्या मोजक्या कप्प्यांत मावत नाहीत, प्रत्येक माणूस वेगळा असतो, म्हणून प्लेटोची योजना ज्या कारणानं कोसळते त्याच कारणानं चातुर्वर्ण्यही कोसळतं.

पायरी ५: एक प्रश्न, पाच रकाने

'प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल यांची तुलना करा' हा प्रश्न एवढा मोठा आहे की त्याला धड उत्तर नाही. एका वेळी एकच प्रश्न घ्या आणि कागद आडवा धरून पाच रकाने पाडा: दावा, कारण, दाखला, अट, आकडा. वर प्लेटो, खाली अ‍ॅरिस्टॉटल. 'राज्य कोणी करावं' या प्रश्नावर ते असे भरतात.

प्लेटोचा दावा: तत्त्वज्ञ राजे होईपर्यंत, किंवा राजे खरोखर तत्त्वज्ञ होईपर्यंत, नगरांची दुःखं संपणार नाहीत (४७३सी-डी). कारण: राज्य करायला 'चांगलं' म्हणजे काय याचं ज्ञान लागतं आणि ते फार थोड्यांना होतं. दाखला: जहाज (४८८ए–४८९ए). मालक धिप्पाड पण जरा बहिरा आणि दृष्टीनं अधू. खलाशी सुकाणूसाठी भांडतात, नौकानयन शिकण्याजोगं आहे हेच त्यांना मान्य नाही. आणि खरा सुकाण्या त्यांना तारे बघत बसणारा निरुपयोगी माणूस वाटतो.

अटीचा रकाना प्लेटोच्या बाबतीत बहुतेक जण मोकळा ठेवतात. तो भरा, कारण त्याशिवाय दावा हुकूमशहाचं समर्थन वाटतो. १७-१८ वर्षांपर्यंत संगीत-काव्य आणि प्राथमिक गणित, मग दोन-तीन वर्षं सक्तीचा व्यायाम. २० ते ३० गणित, भूमिती, खगोल आणि स्वरशास्त्र, तेही निवडक मुलांनाच. ३० ते ३५ तर्कसंवाद. मग १५ वर्षं नगरात कामं, प्रलोभनांसमोर कसोटी. ५०व्या वर्षी उरलेल्यांनाच राज्याची पाळी (५३७–५४०). स्वतःचं घर नाही, खाजगी मालमत्ता नाही. आणि सत्तेची हाव असलेला माणूस तर बादच. ज्यांना राज्य करायची सर्वांत कमी उत्सुकता तेच राज्याला योग्य (५२०डी).

आता अ‍ॅरिस्टॉटल, तिसरा भाग, प्रकरण ११. दावा: एकेकटे सामान्य असलेले लोक एकत्र आले की थोड्या श्रेष्ठांपेक्षा सरस ठरू शकतात. कारण: प्रत्येकाकडे सद्गुणाचा आणि शहाणपणाचा थोडा वाटा असतो, एकाला एक बाजू कळते, दुसऱ्याला दुसरी. दाखला: एकाच्या खर्चानं केलेल्या जेवणापेक्षा सगळ्यांनी आणलेल्या पदार्थांची पंगत (१२८१बी). अट: हे कोणत्याही जमावाला लागू नाही, काही समुदायांनाच, आणि अशा लोकांना सर्वोच्च पदं न देता अधिकारी निवडणं आणि त्यांचा हिशेब घेणं ही कामं द्यावीत, जशी अ‍ॅथेन्सचा जुना कायदेकार सोलोन यानं दिली.

दोन्ही ओळी भरल्या की एक सुंदर गोष्ट दिसते. वैद्याचा निवाडा वैद्यानंच करावा ना, हा प्लेटोच्या धाटणीचा आक्षेप अ‍ॅरिस्टॉटल स्वतःच मांडतो आणि मग उत्तर देतो: काही कलांमध्ये करणारा हा एकटा किंवा उत्तम परीक्षक नसतो. घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा राहणारा जास्त चांगलं सांगतो, जेवण आचाऱ्यापेक्षा जेवणारा, आणि सुकाणू सुतारापेक्षा सुकाण्या (१२८२ए). प्लेटोच्या जहाजात सुकाण्या हा जाणकार होता. इथे तोच सुकाण्या वापरणारा झाला आहे. एकच माणूस दोन दाखल्यांत दोन बाजूंना उभा राहतो, आणि सगळा वाद त्या जागेत आहे: नागरिक हा जहाजावरचा अडाणी खलाशी, की घरात राहणारा माणूस? तुलना इथपर्यंत पोचली की मगच ती झाली म्हणा.

पायरी ६: अ‍ॅरिस्टॉटलची टीका परत प्लेटोकडे नेऊन तपासा

दुसरा प्रश्न कुटुंब आणि मालमत्तेचा घ्या. 'रिपब्लिक'मध्ये रक्षकांना, म्हणजे राज्यकर्ते आणि सैनिकांना, खाजगी कुटुंब आणि मालमत्ता नाही, मुलंही सगळ्यांची सामायिक. 'पॉलिटिक्स'च्या दुसऱ्या भागातले आक्षेप अप्रतिम आहेत. नगराला जास्तीत जास्त एकसंध करत गेलात तर ते आधी घर होईल, मग एकटा माणूस, म्हणजे नगरच उरणार नाही (१२६१ए). जे सर्वांचं असतं त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते (१२६१बी). हजार बापांचा मुलगा असण्यापेक्षा कुणाचा तरी खरा चुलतभाऊ असणं बरं (१२६२ए). पाण्यात थोडा गोडवा मिसळला तर चव लागत नाही, तशी माया पातळ होते (१२६२बी). त्याचा स्वतःचा तोडगा: मालकी खाजगी, वापर सामायिक (१२६३ए).

पण टीकाकार दुसऱ्याचं मत नेहमी पूर्ण मांडतोच असं नाही. शेतकऱ्यांनाही मालमत्ता सामायिक आहे की नाही हे स्पष्ट केलेलं नाही, अशी तक्रार अ‍ॅरिस्टॉटल करतो (१२६४ए). ४१६डी–४१७बी उघडून पाहा: घर, जमीन आणि पैशाची मनाई रक्षकांना आहे, आणि त्यांनी या गोष्टी मिळवल्या तर ते रक्षक न राहता शेतकरी आणि घरमालक होतील, असं कारणही दिलं आहे. मग शेतकऱ्यांकडे जमीन आहे हे उघड नाही का? 'प्लेटोनं सगळ्यांची मालमत्ता काढून घेतली' हे वाक्य अशाच अर्धवट वाचनातून येतं. प्रत्येक आक्षेपापुढे मूळ आकडा शोधून 'लागू', 'अर्धा लागू' किंवा 'लागू नाही' असा शेरा मारा.

जोडीचं भानही ठेवा. 'रिपब्लिक'समोर 'पॉलिटिक्स'चा सातवा भाग, कारण दोन्हीकडे सर्वोत्तम नगर आहे. 'लॉज'समोर चौथा भाग, कारण दोन्हीकडे जमेल तेवढं चांगलं नगर आहे. 'लॉज'मधल्या नगरात ५,०४० कुटुंबं आहेत, कारण या संख्येला १ ते १० सगळ्यांनी भाग जातो आणि वाटप, कर, सैन्य सोपं होतं. चौथ्या भागात अ‍ॅरिस्टॉटलचा भर मध्यम ऐपतीच्या लोकांवर: अति श्रीमंताला आज्ञा पाळता येत नाही, अति गरिबाला आज्ञा देता येत नाही, आणि नगर मालक-गुलामांचं होऊन बसतं (१२९५बी). दोघंही इथे टोकं टाळून मिश्र व्यवस्थेकडे येतात. 'आदर्शवादी विरुद्ध वास्तववादी' हे लेबल या जोडीवर चिकटतच नाही.

पायरी ७: न पटणारा भाग झाकू नका

गुलामगिरी आणि स्त्रिया हे दोन विषय घाईघाईत 'त्या काळची मर्यादा' म्हणून उरकले जातात. तसं करू नका, कारण काळ एकच असून दोघांची उत्तरं वेगळी आहेत.

स्त्रिया राज्यकर्त्या होऊ शकतात, असं 'रिपब्लिक'चा पाचवा भाग म्हणतो. तिथला युक्तिवाद आजही ताजा आहे: टकले लोक चांभारकी करत असतील तर केस असलेल्यांना मनाई करायची का (४५४सी)? फरक कामाशी संबंधित हवा. त्याच भागात स्त्रिया एकूण दुबळ्या असल्याचंही विधान आहे, तेही नोंदवा. अ‍ॅरिस्टॉटल मात्र म्हणतो की विचार करण्याची शक्ती स्त्रीत आहे पण तिला अधिकार नाही, आणि गुलामात ती मुळीच नाही (१२६०ए). काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात, हा त्याचा दावा १२५४-५५मध्ये आहे. लगेच पुढे युद्धात पकडून गुलाम केलेल्यांबद्दल विरोधकांचं म्हणणं एका अर्थी बरोबर असल्याचं तो कबूल करतो, आणि सातव्या भागात सगळ्या गुलामांपुढे स्वातंत्र्याचं बक्षीस ठेवावं, असं सुचवतो (१३३०ए). स्वभावतः गुलाम असलेल्याला स्वातंत्र्य कसं देणार? ही भेग तुमच्या टिपणात दिसायलाच हवी.

पायरी ८: तिसरा माणूस

दोघांचा कागद पक्का झाल्यावर तिसरा जोडा. सुरुवातीला प्रोटागोरस उत्तम, सॉक्रेटिसच्या काळात पैसे घेऊन शिकवणारा विचारवंत. प्लेटोच्या 'प्रोटागोरस' या संवादात (३२०सी–३२८डी) तो कथा सांगतो की देवांचा राजा झ्यूस यानं लाज आणि न्यायबुद्धी वैद्यकीसारखी मोजक्यांना न देता सगळ्यांना वाटली, म्हणून राज्याच्या बाबतीत सुतार-लोहाराचंही ऐकायचं. आपल्या मूळ प्रश्नावरचं हे सरळ उत्तर आहे, आणि ते जपून ठेवलं त्याच्या विरोधकानं.

नंतरचा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस (इ.स.पू. ३४१–२७०) घेतला तर न्याय हा एकमेकांना इजा न करण्याचा करार ठरतो. तो 'रिपब्लिक'मधल्या ग्लॉकॉनच्या बोलण्याशेजारी ठेवा (३५८ई–३५९बी). स्टोइक या तत्त्वज्ञान-पंथाचा संस्थापक झेनो याचा राज्यावरचा ग्रंथ हरवला आहे. त्याचे विचार नंतरच्या लेखकांनी दिलेल्या तुकड्यांतूनच कळतात, तेव्हा त्याच्या नावापुढे 'अमुकाच्या सांगण्यानुसार' लिहायला विसरू नका.

लिहायला बसताना

८०० शब्दांच्या उत्तरात एकच प्रश्न पेलतो. आधी अर्धं पान प्लेटो आणि मग अर्धं पान अ‍ॅरिस्टॉटल अशी मांडणी केली तर दोन सारांश तयार होतात, तुलना होत नाही. दावा दाव्यासमोर, दाखला दाखल्यासमोर, अट अटीसमोर असं रकान्यांनुसार लिहा. अटींना सर्वाधिक जागा द्या. शेवटी कच्चा खर्डा घेऊन 'प्लेटो म्हणतो' आणि 'अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो' ही वाक्यं अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे आकडा आहे का पाहा. दहा मिनिटं शोधूनही आकडा सापडला नाही, तर ते वाक्य खोडा.